बिनआरशाचा वर्ग

१२ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मी वर्गाच्या दारात उभ्याउभ्याच वाचलं, आणि मग उरलेला वर्ग कसा घेतला ते विचारू नकोस. तुमच्या बॅलेच्या कंपनीत मागच्या रांगेसाठी मुली घेणार आहेत, हे तू असं लिहिलंस जसं काही कोपऱ्यावर ताजी भाजी आली आहे. अगं, असं लिहितात का?

तू तिथे खऱ्या नर्तकींचे झगे शिवतेस. माझ्याकडच्या अजून स्वतःच्या बुटाची फीत शेजारणीच्या बुटाला बांधतात. सगळ्यात लहान आहे ती मुंगी, तिला उडी मारायला सांगितलं की आधी खाली बसते. दुसरी एक आहे, तिचं नाव मी ‘का पण’ ठेवलंय. टाच वर का पण? हात गोल का पण? आणि थोरली शिडी. बारा वर्षांची आहे, पण पाय माझ्याएवढे लांब आणि माझ्यापेक्षा शहाणे.

हॉल तोच, गादीवाल्याच्या कारखान्यावरचा, आपल्या खोल्यांना लागून. खालून अजून कापूस उडतो आणि फळ्यांच्या फटींतून वर येतो. आत्याची खुर्ची दाराशी, काठी हातात, ताल जमिनीवर. आरसा अर्थातच नाही. समोर आरसा असला की मूल एकतर स्वतःच्या प्रेमात पडतं नाहीतर स्वतःवर रुसतं, आणि दोन्हीत नाच बिघडतो, हे तिचं म्हणणं तू लहानपणी ऐकलंच आहेस. तिच्या शाळेत शिक्षिका हाच आरसा. मुलींकडे तोंड करून उभं राहायचं, तोंडाने ‘उजवा पाय’ म्हणायचं आणि टाकायचा डावा. सुरुवातीला माझी काय त्रेधा उडायची! आता झोपेतून उठवून विचारलंस तरी चुकणार नाही.

आत्याचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘हाड जुळेपर्यंत तात्पुरता तू वर्ग सांभाळ.’ हाड कधीच जुळलं. तात्पुरतं मात्र सहा वर्षं झाली तरी सुटत नाही. ती आता जिना उतरू शकत नाही, पाय उचलून दाखवू शकत नाही. मग मी गेले तर माझ्या जागी उभं कोण राहणार? तेव्हा माझ्यासाठी कुणाकडे शब्द टाकू नकोस.

निवड कोणत्या दिवशी आहे तेवढं कळव. उगीच आपलं, माहिती म्हणून.

तुझी
बारकी

२१ जानेवारी

बारके,

माहिती म्हणून म्हणे! फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार, सकाळी. मी तुझं नाव देऊन टाकलंय. आता खुशाल बोटं मोड.

आईबाबा गेल्यावर आत्याने आपल्या दोघींना हातचं काही न राखता वाढवलं, हे मी कधी नाकारलंय? पण वाढवलं म्हणजे काय, बांधून ठेवायला वाढवलं? सव्विसाव्या वर्षी तू म्हातारीसारखी लिहितेस. ‘मी गेले तर माझ्या जागी कोण?’ अगं, आधी तुझी जागा कुठली ते तरी बघ. सहा वर्षांत तू एकदा तरी दुसऱ्या कुणाच्या मागे उभी राहून नाचलीस का? वर्ग सुटल्यावर स्वतःसाठी नाचलीस का? लिहून कळव, मी वाट बघते.

आत्याला सरळ सांग. ती ओरडणार नाही. ती ओरडत नाही हीच तर पंचाईत आहे.

मी माझं अर्धं कपाट रिकामं केलंय. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. मी इथे मजेत आहे, शेजारीण चांगली आहे, एकटं बिकटं काही वाटत नाही. रविवार जरा लांबतो, बस.

तुझी
ताई

७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सांगितलं. दोन आठवडे जिभेवर घोळवलं आणि शेवटी ती बुटाच्या फिती शिवत बसली होती तेव्हा एका दमात बोलून टाकलं. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, ‘जा की. कुणी अडवलंय?’ मग हॉलच्या किल्ल्या कमरेच्या काढून टेबलावर ठेवल्या, माझ्या ताटाशेजारी. दोघी जेवलो. किल्ल्या तिथेच. सकाळी चहा घेतला, तरी किल्ल्या तिथेच. शेवटी संध्याकाळी मीच उचलल्या, कारण मुली खाली जिन्यात येऊन ठेपल्या होत्या. तिने अडवलं असतं तर मी भांडले असते गं. ‘जा की’ला काय उत्तर द्यायचं?

तरी मी येते आहे. मुलींना खरं सांगवेना, म्हणून माझ्या ताईला बरं नाही असं सांगितलंय. मुंगीने तुझ्यासाठी चित्र काढलंय, त्यात तू पलंगावर आहेस आणि तुला चार पाय आहेत. ‘का पण’ने विचारलं, ‘पण तुम्ही परत येणार ना?’ मी ‘हो’ म्हणाले. मग मला कळेना, मी तिच्याशी खोटं बोलले की तुझ्याशी.

निवडीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारच्या गाडीने पोचते.

बारकी

४ मार्च

बारके,

तू गेल्यावर मी तीन पत्रं लिहून फाडली. हे मात्र टाकणार आहे.

निकाल लागला त्या दुपारी तू म्हणालीस, ‘माझं वय झालंय गं, पाय जड झालेत,’ आणि बॅग उचलून स्टेशनवर गेलीस. मी मान डोलावली. पण मी तिथे होते. निवडीच्या वेळी आम्हा शिवणाऱ्यांना आत यायला बंदी असते, म्हणून मी पडद्याच्या फटीतून बघत होते. तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर ओरडलेच असते.

तुझे पाय जड नव्हते. भिंतीलगतच्या दांडीला धरून केलंस तेव्हा आमच्या सरावाच्या बाई तुझ्याकडे दोनदा वळून बघत होत्या. मग सगळ्यांना मधे उभं केलं, त्या म्हणाल्या ‘उजवीकडून’, आणि झाडून सगळ्या मुली उजवीकडे गेल्या. तू डावीकडे. शेजारच्या मुलीच्या अंगावर गेलीस. बाई म्हणाल्या, पुन्हा. तू पुन्हा डावीकडे! पाच वर्षांची असताना मला उजवा बूट डाव्या पायात घालताना पकडणारी तू. तुला उजवंडावं कळत नाही, हे कुणाला सांगतेस?

मुद्दाम केलंस. मला ‘नाही’ म्हणता येईना आणि आत्याला सोडवेना, म्हणून येऊन नापास होऊन गेलीस, म्हणजे दोघींना तोंड दाखवायला मोकळी. तुला राहायचं तर राहा. पण माझ्यासमोर हे नाटक नको होतं. कपाटाच्या त्या अर्ध्या भागात मी आता रजया ठेवल्यात.

ताई

१६ मार्च

ताई,

मुद्दाम नाही केलं. तुझी शपथ.

मलाही गाडीत बसेपर्यंत कळलं नव्हतं काय झालं ते. वाटलं, घाबरले. समोरच्या बाकावर एक बाई बाळाला घेऊन बसली होती. बाळाने मला बघून उजवा हात हलवला आणि माझा डावा हात आपोआप वर गेला. त्याने डावा हलवला, माझा उजवा. बाळ खिदळायला लागलं, त्याची आईही हसली, आणि मला एकदम रडू फुटलं. ती बिचारी मला पाणी देत बसली.

सहा वर्षं मी तोंडाने ‘उजवा’ म्हणते आणि डावा टाकते. ‘उजवा’ हा शब्द कानावर पडला की माझं शरीर डावीकडे जातं, ताई, मी विचार करायच्या आधीच. दांडीशी एका बाजूला भिंत असते, तिथे चुकायला वाव नसतो. पण तुमच्या त्या मोठ्या हॉलमधे बाई आमच्याकडे पाठ करून आरशाकडे बघत सांगत होत्या, तिथे माझ्यासमोर मूल नव्हतं, आणि मूल नसलं की मला नाचता येत नाही. मी नाचत नाहीच. मी दाखवते.

आता रोज सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून घोकते, हा उजवा, हा उजवा. दुपारपर्यंत जरा जमतं. संध्याकाळी मुली येतात, मी त्यांच्यासमोर उभी राहते, आणि सगळं पुन्हा पुसलं जातं. ज्यातून बाहेर पडायचं तेच रोज करावं लागतंय. शिकवणं थांबवावं म्हटलं तर वर्ग बंद, आणि वर्ग हेच आत्याचं सगळं. आत्याला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, मी तिच्यासाठी परत आले. त्या दिवसापासून माझ्या ताटात भाजी जास्त वाढते आहे. ती भाजी मी गुपचूप परत पातेल्यात टाकते.

रजया काढू नकोस. राहू देत.

बारकी

२५ मार्च

माझी बारके,

तुझं पत्र वाचून मी झग्याची बाही उलटी शिवली. माझ्या जिभेला काही हाड नाही, तू ओळखतेस मला. रजया पलंगाखाली टाकल्यात.

सरावाच्या बाईंना गाठून तुझं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, शिकवणाऱ्यांचं होतं असं, आणि फार काळ गेला की मग सुटत नाही. जूनमधे मागच्या रांगेतली एक मुलगी बाळंतपणासाठी सोडते आहे, तिच्या जागेसाठी तुला पुन्हा बघायला त्या तयार आहेत. त्यानंतर नाही, असंही स्पष्ट म्हणाल्या.

तेव्हा हॉलमधे आरसा लाव. मुलींकडे पाठ कर आणि आरशातून त्यांच्यावर लक्ष ठेव, सगळीकडे तसंच करतात. आत्या नाक मुरडेल, मुरडू दे.

ताई

१२ एप्रिल

प्रिय ताई,

आरसा मिळाला. चौकातलं केस कापायचं दुकान बंद झालं, त्यांच्या भिंतीवरचा होता. गादीवाल्याच्या माणसांनी कापसाच्या गठ्ठ्यासारखा दोरीने ओढून वर आणला. मुली वेड्याच झाल्या. मुंगीने आरशाला जीभ दाखवली, आरशाने तिला, अर्धा वर्ग त्यातच गेला. शिडी मात्र स्वतःच्या पायांकडेच बघत राहिली. आत्या दाराशी बसून सगळं बघत होती. मुली गेल्यावर म्हणाली, ‘त्यावर चादर टाक.’

मी म्हटलं, टाकणार नाही, आणि सगळं सांगितलं. निवडीत काय झालं, का झालं, ते बाळसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याची एक रेघ नव्हती, ताई.

म्हणाली, ‘माझंही तेच झालं होतं. तुझ्याएवढी असताना एका नाचाच्या मंडळाने बोलावलं होतं. पहिल्याच तालमीत शेजारणीच्या अंगावर गेले. परत आले ती आलेच.’

मी विचारलं, ‘मग मला कधी सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं असतं तर माझ्या जागी उभी राहिली असतीस का?’

एवढंच. फीत शिवता शिवता, आवाज न चढवता. तिला सगळं माहीत होतं. मी पहिल्यांदा मुलींकडे तोंड करून उभी राहिले तेव्हाही माहीत होतं, मी आनंदाने ‘बघ, आता चुकत नाही’ म्हणाले तेव्हाही माहीत होतं. तेव्हा तिने माझ्या गालावरून हात फिरवला होता. तो हात मला आता आठवला की अंगावर काटा येतो.

चादर मीच टाकली. भांडायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मुलींसमोर उभी राहिले, कारण मुली आल्या होत्या. ‘उजवा पाय,’ म्हटलं, आणि डावा टाकला.

बारकी

१८ एप्रिल

बारके,

निघून ये. किल्ल्या, वर्ग, चादर, सगळं तिथेच टाकून ये. हे पत्र हातात पडेल त्या दिवशीच्या गाडीत बस. मी स्टेशनवर येते.

ताई

९ मे

प्रिय ताई,

नाही आले. रागावू नकोस, आधी ऐक.

अशीच पळून आले असते तर जूनमधे पुन्हा शेजारणीच्या अंगावर गेले असते. माझी उजवी बाजू इथेच कुठेतरी हरवली आहे, ती घेतल्याशिवाय तिथे येऊन काय करू?

तीन आठवडे आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. म्हणजे ‘मीठ दे’, ‘दार लाव’, एवढंच. ती रोज दाराशी, मी रोज मुलींसमोर. मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी हॉलमधे गेले तर खुर्ची दाराशी नाही. आत्याने शिडीच्या हातून ती पुढे आणवली होती, खिडकीखाली, मी उभी राहते तिथे. तोंड वर्गाकडे.

मी म्हटलं, ‘मग मी कुठे उभी राहू?’

‘इथे, माझ्यासमोर. मुलींकडे पाठ कर. त्यांच्याकडे मी बघते.’

सहा वर्षांत मी मुलींना कधी पाठ दाखवली नव्हती. मुंगीने घाबरून विचारलं, ‘टीचर रुसल्या का?’ आत्या म्हणाली, ‘हो, माझ्यावर.’ मग काठी आपटली. ‘उजवा हात.’ माझा डावा वर गेला. पुन्हा काठी. ‘तुझा उजवा.’ आणि तिने स्वतःचा डावा हात उचलला. मी माझा उजवा उचलला. समोरासमोर, एका बाजूला दोघींचे हात. मागे मुलींचे पाय मला ऐकू येत होते, दिसत नव्हते. फार विचित्र वाटलं गं, जिन्यात दिवा गेल्यावर पायरी चाचपावी तसं. पण वर्ग संपेपर्यंत मी उजवीकडे जात होते. चुकत होते, आणि पुन्हा जात होते.

बसल्याबसल्या हात इतका वेळ वर धरला की तिचा खांदा थरथरतो. मी ‘पुरे’ म्हटलं तर मला म्हणते, ‘तुला मी दिसायला हवी आहे की नको?’ रात्री पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी मागते, तीही माझ्याकडे न बघता.

मला तिचा राग गेलेला नाही, हे लिहून ठेवते. तिने माफी मागितलेली नाही, मागणारही नाही. आणि तरी संध्याकाळी तिच्या हाताकडे बघत नाचताना मला रडू येतं, आणि ती ओरडते, ‘डोळे पुसायला कुठला हात? उजवा!’

जूनमधे येते. कपाट बघून ठेव.

बारकी

२ जुलै

चि. मोठीस आत्याचे आशीर्वाद.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस. सगळं ठीक आहे. तुझी चिठ्ठी पोचली. तिला घेतलं हे कळलं. मागच्या रांगेत का होईना, जागा तिची आहे. तू पडद्याच्या फटीतून बघतेस असं ती म्हणाली होती. बघत जा, आणि ती कुठे वळते ते मला कळवत जा.

वर्ग चालू आहे. शाळेचं तोंडही पाहिलं नाही अशा नव्या दोन आल्या आहेत. आरशावरची चादर मी काढायला सांगितली. मुंगी अजून जीभ दाखवते, दाखवू दे. ती दुसरी, सारखी ‘का पण’ म्हणणारी, तिने विचारलं की ताई आजारी आहे असं टीचर खोटं का बोलल्या. मी म्हटलं, माझ्यामुळे. तिने त्यावर काही विचारलं नाही.

परवा मला खुर्चीतून उठवेना म्हणून म्हटलं, शिडी पुढे येऊन वर्ग घेईल. ती मोठ्या तोऱ्यात आली, मुलींकडे तोंड करून उभी राहिली, तोंडाने ‘उजवा पाय’ म्हणाली आणि डावा टाकला. कुणी न शिकवता, एकदाही न चुकता. मुली कौतुकाने बघायला लागल्या. मलाही क्षणभर फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी काठी आपटली. म्हटलं, ‘पोरी, आरशाकडे तोंड कर. आमच्याकडे पाठ.’

तुला लिहायचं कारण वेगळंच. तू मला पूर्वीपासून ओळखतेस, तिच्यापेक्षा जास्त, म्हणून तर तू आधीच गेलीस. थंडी पडली की माझं हाड दुखायला लागेल, संध्याकाळी मुली गेल्या की हॉल मोठा वाटायला लागेल, आणि मग मी तिला पत्र लिहीन. फार आजारी आहे, शेवटचं भेटून जा, असं काहीतरी लिहीन, आणि ते वाचून कुणालाही दया येईल असं लिहीन.

ते पत्र तिला देऊ नकोस.

आत्या